मराकेशहून आइत बेनहद्दू आणि वारझाझात : चित्रपटांतल्या वाळवंटी गावांची एका दिवसाची सहल कशी आखावी

मोरोक्कोतील मराकेश शहरात उतरलेल्या जवळजवळ प्रत्येक पर्यटकासमोर हॉटेलचा माणूस सहलींचे एक पत्रक ठेवतो, आणि त्यात आइत बेनहद्दू व वारझाझात या जोडीची सहल हमखास असते. मातीची तटबंदी असलेले जुने गाव, चित्रपटांसाठी रोमन आखाड्यापासून जेरुसलेमपर्यंत सगळे काही उभे राहिलेला वाळवंटी मुलूख आणि वाटेत अॅटलास पर्वताचा घाट, असा तो बेत असतो. सहल सुंदर आहे, पण नीट न आखल्यास तिचा बराचसा वेळ गाडीत आणि दुकानांत जातो. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांना, तसेच लंडन, ॲमस्टरडॅम किंवा फ्रँकफर्टहून चार दिवसांच्या सुट्टीत मराकेश गाठणाऱ्या मराठी मंडळींना उपयोगी पडेल अशा क्रमाने पुढील माहिती दिली आहे. माहितीचा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे: या दिवसात प्रत्यक्ष पाहण्यासाठी मिळणारे तास मोजकेच असतात, आणि ते कुठे खर्च करायचे हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते.

१. ही सहल आपल्याला हवी तीच आहे का, हे आधी पाहा

मराकेश ते आइत बेनहद्दू हे अंतर सुमारे १८० किलोमीटर आहे. घाटरस्त्यामुळे त्याला एका बाजूने साडेतीन ते चार तास लागतात. तेथून वारझाझात आणखी सुमारे ३० किलोमीटर पुढे आहे. सकाळी सातला निघून रात्री सात-आठला परतायचे म्हटले, तर त्यातले आठ तास प्रवासाचे होतात. जेवण आणि थांबे वजा केले की हातात जेमतेम तीन तास उरतात. लहान मुले, गाडी लागणारी माणसे किंवा गुडघेदुखी असलेले ज्येष्ठ बरोबर असतील तर हा हिशेब त्यांच्यासमोर मोकळेपणाने मांडावा.

दुसरा गैरसमज वाळूचा. पत्रकावर 'वाळवंट' हा शब्द आणि शेजारी उंटांचा तांडा छापलेला असला, तरी या सहलीत वाळूच्या टेकड्या दिसत नाहीत. येथला मुलूख खडकाळ, तांबूस आणि उघडाबोडका आहे. हिरवळ दिसते ती नदीकाठच्या खजुरांपुरती. वाळूच्या खऱ्या टेकड्या मेरझूगा गावाजवळ आहेत. ते मराकेशपासून साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक दूर असल्याने तेथे जाऊन येण्यास किमान तीन दिवस लागतात. वाळूच हवी असेल तर ही सहल घेऊ नये. मातीच्या वास्तू, घाट आणि चित्रपटांची गंमत पाहायची असेल तर जरूर घ्यावी.

२. व्हिसा आणि कागदपत्रे

भारतीय पासपोर्टवर मोरोक्कोत जाण्यासाठी व्हिसा लागतो. तो 'अॅक्सेस मारोक' या मोरोक्को सरकारच्या संकेतस्थळावरून ई-व्हिसा स्वरूपात मिळवता येतो. त्याच्यासारखी दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी दलालांची संकेतस्थळे शोधयादीत बरीच वर येतात, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी पत्ता नीट वाचावा. युरोपात राहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की मोरोक्को शेंगेन क्षेत्रात नाही. शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर मोरोक्कोला जाऊन पुन्हा युरोपात शिरता येणार नाही.

सहलीच्या दिवशी जवळ ठेवायची कागदपत्रे अशी:

- मूळ पासपोर्ट. वाटेत पोलीस आणि जांदार्मरी, म्हणजे ग्रामीण पोलीस दल, यांची तपासणी नाकी असतात.
- पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिसाची छापील प्रत, तसेच त्यांचे मोबाइलमधील फोटो.
- सहलीच्या आरक्षणाची पावती. 'काय समाविष्ट आहे' हा तिच्यातला भाग मोबाइलमध्ये जतन केलेला असावा.
- प्रवास विम्याचा क्रमांक आणि विमा कंपनीचा मदत क्रमांक.
- मुक्कामाच्या जागेचे नाव, पत्ता आणि फोन. शक्य असल्यास ते फ्रेंच किंवा अरबी लिपीत लिहून घ्यावे.

ड्रोन मात्र भारतातूनच नेऊ नये. मोरोक्कोत परवान्याशिवाय ड्रोन आणण्यास बंदी आहे आणि विमानतळावर तो काढून घेतला जातो. मातीच्या गावाचे आकाशातून घेतलेले दृश्य कितीही मोहात पाडणारे असले, तरी या नियमातून पर्यटकांची सुटका होत नाही.

३. दिवस कोणता निवडावा

मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये घाटापलीकडे पारा चाळिशीपर्यंत जातो आणि जुन्या गावाची चढण नेमकी भर दुपारी चढावी लागते. डिसेंबर ते फेब्रुवारीत आकाश स्वच्छ असते, पण घाटाच्या माथ्यावर बर्फ पडून रस्ता काही तास किंवा पूर्ण दिवस बंद राहू शकतो. हिवाळ्यात जाणार असाल तर ही सहल मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नये. रस्ता बंद झाल्यास ती दुसऱ्या दिवशी ढकलता आली पाहिजे, आणि पलीकडे अडकल्यास विमान चुकू नये.

रमजानात जायचे असेल तर आणखी एक खबरदारी घ्यावी. मोरोक्कोची घड्याळे वर्षभर ग्रिनिचच्या एक तास पुढे असतात, मात्र रमजानच्या महिन्यात ती एक तास मागे घेतली जातात. मोबाइल ही वेळ आपोआप बदलतोच असे नाही. गाडीची वेळ हॉटेलमधील भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहावी. रमजानात पर्यटकांना दुपारचे जेवण मिळते, पण चालक आणि वाटाडे उपाशीपोटी काम करत असतात. सूर्यास्ताच्या आत घरी पोहोचण्याची त्यांना घाई असते, आणि ती रास्तही आहे. त्या महिन्यात थांबे थोडे कमी होतील असे गृहीत धरावे.

४. आरक्षण करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

या सहली साधारण तीन प्रकारच्या असतात: पंधरा-सतरा जणांची सामायिक मिनीबस, सात-आठ जणांचा छोटा गट, आणि फक्त आपल्यासाठीची गाडी. चार जणांचे कुटुंब असेल तर स्वतंत्र गाडी आणि छोटा गट यांच्या दरांत वाटतो तेवढा फरक पडत नाही. शिवाय स्वतंत्र गाडीत कुठे किती थांबायचे हे आपल्या हातात राहते. एकट्या-दुकट्याला अर्थातच सामायिक गाडी परवडते. कोणताही प्रकार निवडला, तरी पुढील प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरे जपून ठेवावीत.

'मार्गदर्शक बरोबर आहे' याचा नेमका अर्थ काय, हा पहिला प्रश्न. मोरोक्कोत पर्यटन मार्गदर्शकाला सरकारी परवाना आणि ओळखपत्र लागते. स्वस्त सहलींत गाडीत असतो तो केवळ चालक. तो वाटेत चार गोष्टी सांगेल, पण गावात आपल्याबरोबर फिरून माहिती देण्याची त्याला परवानगी नसते. मग आइत बेनहद्दूच्या पुलाजवळ एक स्थानिक वाटाड्या पुढे येतो आणि त्याचे पैसे वेगळे मागितले जातात. ते द्यायला हरकत नाही, उलट चांगला वाटाड्या असेल तर ते पैसे सार्थकी लागतात. फक्त तो खर्च आधी कळायला हवा.

माहिती कोणत्या भाषेत दिली जाईल, हा दुसरा. सामायिक गटात इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणारे एकत्र असले की वाटाड्या प्रत्येक वाक्य तीनदा सांगतो, आणि आपल्या वाट्याला तासातली वीस मिनिटे येतात. एकाच भाषेचा गट मिळत असेल तर थोडे अधिक पैसे मोजावेत.

तिसरा प्रश्न वेळेचा: 'आइत बेनहद्दूमध्ये पायी फिरायला किती वेळ मिळेल?' 'अर्धा दिवस' हे उत्तर स्वीकारू नये, कारण त्यात जेवणही धरलेले असते. जेवण सोडून किमान दीड तास मिळत नसेल तर दुसरी कंपनी पाहावी.

चौथा, वारझाझातमध्ये गाडी कुठे थांबते? काही सहलींत 'स्टुडिओ', म्हणजे तेथला चित्रपटांचा स्टुडिओ, असे लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात गाडी दारासमोर पाच मिनिटे उभी करून छायाचित्रे काढायला सांगतात. तिकीट धरलेले आहे का आणि आत किती वेळ मिळणार, हे स्पष्ट करून घ्यावे.

पाचवा, दुकानांचे थांबे किती? आर्गन तेलाच्या महिला सहकारी संस्था, गालिचे आणि मसाले यांच्या दुकानांत गाडी थांबली की चालकाला दलाली मिळते. एक थांबा चालवून घ्यावा, तीन होऊ देऊ नयेत. स्वतंत्र गाडी असेल तर 'दुकाने नकोत' हे आरक्षणाच्या वेळीच सांगावे. घाटात बसून सांगितले तर चालकाचा चेहरा पडतो आणि पुढचा दिवस जड जातो.

५. पैसे

मोरोक्कोचे चलन दिरहम. ते देशाबाहेर जवळपास मिळत नाही आणि बाहेर नेण्यावरही मर्यादा आहे, म्हणून मराकेशला उतरल्यावरच ते घ्यावे. रुपये तेथे बदलून मिळतील या भरवशावर राहू नये. युरो किंवा डॉलर न्यावेत, नाहीतर एटीएममधून काढावेत. यूपीआयची सवय लागलेल्यांनी विशेष ध्यानात ठेवावे की घाटात आणि गावात रोकडच चालते, कार्ड सहसा नाही.

सुट्टे पैसे मुबलक हवेत. स्वच्छतागृहासाठी एक-दोन दिरहमची नाणी, चहासाठी दहाची नाणी आणि वाटाड्यासाठी पन्नास-शंभरच्या नोटा असाव्यात. दोनशेची नोट पुढे केली की 'सुट्टे नाहीत' हे उत्तर ठरलेले. सहलीच्या किमतीत सहसा जेवण, स्टुडिओचे तिकीट, वारझाझातच्या कास्ब्याचे, म्हणजे मातीच्या जुन्या वाड्याचे, तिकीट आणि स्थानिक वाटाड्या हे चारही धरलेले नसतात. तेवढा वरखर्च वेगळा काढून ठेवावा.

६. बरोबर काय घ्यावे

- पकड असलेले, टाच बंद असलेले बूट. जुन्या गावातल्या पायऱ्या मातीच्या, असमान आणि घसरड्या आहेत.
- टोपी, गॉगल आणि मोठी ओढणी किंवा उपरणे. दुपारी वारा सुटला की धूळ डोळ्यातोंडात जाते.
- एक जाड कपडा. मराकेश समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आहे आणि घाटमाथा २,२६० मीटरवर. एप्रिलमध्येही माथ्यावर हुडहुडी भरते.
- माणशी किमान दीड लिटर पाणी.
- गाडी लागण्यावरची गोळी. ती निघण्यापूर्वी अर्धा तास घ्यावी, घाट सुरू झाल्यावर घेऊन तिचा फारसा उपयोग होत नाही.
- ऑफलाइन नकाशा. घाटात मोबाइलला रेंज येऊन-जाऊन असते.
- खाऊ. याविषयी जेवणाच्या भागात अधिक लिहिले आहे.

७. सकाळचे निघणे

मराकेशच्या जुन्या शहरात, म्हणजे मदिनेत, मुक्काम असेल तर गाडी दारापर्यंत येत नाही. गल्ल्याच तेवढ्या अरुंद आहेत. कंपनी एखाद्या वेशीजवळचे किंवा जमा अल-फना चौकाजवळचे ठिकाण भेटीसाठी देते. आदल्या संध्याकाळी ती वाट एकदा चालून पाहावी. पहाटे गल्ल्या ओस असतात, दुकाने बंद असल्याने ओळखीच्या खुणा दिसत नाहीत. 'तो रस्ता बंद आहे, मी दाखवतो' म्हणत पुढे चालू लागणारी मुले शेवटी पैशांसाठी हुज्जत घालतात. नम्रपणे नकार देऊन सरळ चालत राहावे.

भेटीच्या जागी एकाच वेळी वीस-पंचवीस पांढऱ्या मिनीबस उभ्या असतात आणि त्यांतल्या निम्म्या वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या असतात. गाडीत बसण्यापूर्वी चालकाकडून आपले नाव आणि 'आइत बेनहद्दू' हे दोन्ही वदवून घ्यावे. गाडी लागत असेल तर लवकर पोहोचून पुढची जागा धरावी. मागच्या रांगेत बसून हा घाट चढणे ही शिक्षाच आहे.

८. तिझी न तिश्का घाट

शहर सोडल्यावर तासाभरात चढण लागते. एन-९ हा राष्ट्रीय रस्ता फ्रेंच अमलात बांधला गेला. त्याआधी याच भागातून खेचरांचे आणि उंटांचे तांडे सहाराकडून मीठ, खजूर आणि सोने घेऊन मराकेशला येत. या वाटांवर ग्लावी घराण्याची हुकमत होती. त्या घराण्यातला थामी अल-ग्लावी १९१२ ते १९५६ मराकेशचा पाशा, म्हणजे शहराचा कारभारी, होता. घाटमाथ्याजवळून डावीकडे फुटणारी वाट त्याच्या घराण्याच्या तलुएत येथील वाड्याकडे जाते. एका दिवसाच्या सामायिक सहलीत तलुएत बसत नाही. स्वतंत्र गाडी असेल आणि वारझाझात गाळायची तयारी असेल, तर तलुएतवरून उनिला नदीच्या खोऱ्यातून आइत बेनहद्दूला उतरणारी वाट घ्यावी; जुन्या तांड्यांची वाट तीच. मात्र सप्टेंबर २०२३ च्या भूकंपाचा या डोंगराळ भागाला मोठा फटका बसला आहे, म्हणून वाडा पाहण्यासाठी खुला आहे का हे आधी विचारून घ्यावे.

घाटातल्या वळणांवर खनिजांचे दगड आणि जीवाश्म विकणारे उभे असतात. दगड फोडून आत चमचमणारे लाल, निळे, जांभळे स्फटिक दाखवतात. त्यांतले भडक रंग बऱ्याचदा वरून चढवलेले असतात, आणि ओले बोट घासले की अनेकदा ते बोटाला लागतात. आवडला म्हणून घेतला तर गोष्ट वेगळी, पण दुर्मीळ खनिज समजून घेऊ नये. तपासणी नाक्यांवर गाडीतून पोलिसांची छायाचित्रे काढू नयेत, त्यावर आक्षेप घेतला जातो.

९. आइत बेनहद्दू : सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा

हे तटबंदी असलेले गाव, ज्याला तेथे क्सार म्हणतात, उनिला नदीच्या काठी एका टेकडीच्या उतारावर वसले आहे. युनेस्कोने १९८७ साली त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. आज बहुतेक कुटुंबे नदीच्या अलीकडच्या नव्या वस्तीत राहतात. जुन्या गावात मोजकीच घरे नांदती आहेत. गाडी नव्या वस्तीत थांबते आणि तेथून पादचारी पुलाने पलीकडे जायचे असते.

पहिला सापळा येथेच आहे. गावात शिरण्यास अधिकृत प्रवेशशुल्क नाही. काही दरवाजे मात्र खासगी घरांतून जातात, आणि तेथे बसलेली व्यक्ती दहा-वीस दिरहम मागते. ते घर आतून पाहायचे असेल तर खुशाल द्यावेत, कारण जुनी चूल, धान्याच्या कणग्या आणि तळमजल्यावरची गुरांविना रिकामी दालने पाहण्यासारखी असतात. केवळ गावात जायचे असेल तर थोडे पुढे जाऊन मोकळ्या वाटेने शिरावे.

दुसरा सापळा छायाचित्रांचा. नदीकाठी जो भव्य दरवाजा दिसतो आणि ज्याच्यासमोर सगळे रांग लावतात, तो पुरातन नाही. १९८५ साली प्रदर्शित झालेल्या 'द ज्युएल ऑफ द नाइल' या चित्रपटासाठी तो उभारला गेला. १९६२ च्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'पासून येथे चित्रपटवाल्यांची ये-जा आहे. १९९९ च्या 'द ममी'चे काही चित्रीकरणही येथे झाले. २००० सालच्या 'ग्लॅडिएटर'साठी गावाच्या पायथ्याशी मातीच्या विटांचा आखाडा बांधला होता. आता तो नाही, वाटाडे त्याची मोकळी जागा तेवढी दाखवतात. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतले युंकाई हे शहर म्हणजे हेच गाव, संगणकाने थोडे वाढवलेले. वाटाड्याला 'कोणता प्रसंग कुठे घेतला' एवढेच विचारले की तो मोबाइलवर चित्रपटातली दृश्ये काढून त्याच कोनातून जागा दाखवतो. हे मजेदार असते, पण सारा वेळ त्यातच घालवू नये. गाव त्या चित्रपटांपेक्षा कितीतरी जुने आहे आणि त्याची रचना समजून घेण्यातच खरा आनंद आहे.

आजच्या इमारतींतल्या सर्वांत जुन्या साधारण सतराव्या शतकातल्या मानल्या जातात. बांधकामाची पद्धत त्याहून पुष्कळ जुनी आहे. खालच्या भिंती जाड असून त्या लाकडी फळ्यांच्या साच्यात ओली माती ठोकून थरावर थर चढवत उभ्या केलेल्या असतात. साचा धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्यांची भोके आजही भिंतींवर एका ओळीत दिसतात. वरचा भाग उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचा असतो. वजनाने हलका असल्याने त्यात विटा तिरप्या बसवून नक्षी करता येते, आणि कोपऱ्यातल्या बुरुजांवरची सगळी कलाकुसर अशीच वरच्या तिसऱ्या हिश्श्यात असते. भिंतीजवळ जाऊन पाहिले तर मातीत कालवलेल्या काडाचे तुकडे सोनेरी चमकतात. मराठवाड्यात पांढऱ्या मातीच्या गढ्या आणि धाब्याची घरे पाहिलेल्या वाचकाला येथील अडचण लगेच कळेल: दर पावसाळ्यानंतर लिंपण केले नाही तर भिंत वरून विरघळू लागते. माणसे निघून गेली की अशा गावाला पडझडीला वेळ लागत नाही. भिंतींवर चढणे, खपली काढून पाहणे, कडेवर बसून छायाचित्र काढणे हे प्रकार म्हणूनच टाळावेत.

वर जाताना ठरवून पाहण्यासारख्या जागा अशा: गावाची मशीद आणि चौक, तटाबाहेरची धान्य मळण्याची खळी, मुस्लिम आणि ज्यू अशा दोन दफनभूमी, आणि टेकडीच्या माथ्यावरचे सामुदायिक धान्यकोठार. कोठार सर्वांत उंच आणि सर्वांत सुरक्षित जागी ठेवलेले असे. वेढा पडला तर गावाचा जीव तेथे होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सावकाश चढायला वीस ते तीस मिनिटे लागतात. माथ्यावर वारा जोराचा असतो आणि कठडा नाही, मुलांचा हात सोडू नये. ज्यांना चढवणार नाही त्यांनी चौकापर्यंत जाऊन परतावे, तेवढ्यानेही गावाची कल्पना येते.

गल्ल्यांतली दुकाने बरीच आहेत आणि बहुतेक मराकेशमध्ये मिळते तेच विकतात. अपवाद कागदावर आग लावून चित्र काढणाऱ्यांचा. चित्रकार केशर, नीळ आणि चहाच्या पाण्याने कोऱ्या कागदावर रेषा ओढतो. नीळ सोडली तर कागदावर जवळपास काहीच उमटलेले दिसत नाही. मग तो कागद गॅसच्या छोट्या ज्योतीवर, हात जराही न थांबवता, मागेपुढे फिरवतो. उष्णतेने रेषा हळूहळू तपकिरी होत जातात आणि बुरूज, उंट, डोंगर वर येतात. हे पाहायला पाच मिनिटे थांबावे. पाहून चित्र घेतले नाही तरी चालते, मात्र चित्रीकरण करण्यापूर्वी विचारावे आणि थोडे पैसे ठेवावेत.

१०. जेवण

सामायिक सहलीत चालक नव्या वस्तीतल्या ठरलेल्या उपाहारगृहात नेतो. तेथे तीन पदार्थांचे ठरावीक ताट असते आणि दर गावातल्या साध्या खाणावळीपेक्षा चढा असतो. तेथेच जेवण्याची सक्ती नाही. परतण्याची वेळ नीट विचारून घेऊन शेजारच्या छोट्या जागी जाता येते.

शाकाहारींना भाज्यांचे ताजीन बहुतेक ठिकाणी मिळते: मातीच्या शंकूसारख्या झाकणाखाली मंद शिजवलेले गाजर, बटाटा, भोपळा आणि दोडक्यासारख्या भाज्या. पण 'भाज्यांचे' म्हणून आलेल्या कुसकुसमध्ये, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या पदार्थात, मांसाचा रस्सा असू शकतो, आणि हरीरा या सुपात मांसाचे तुकडे घालण्याची पद्धत आहे. 'ब्ला लहम', म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करावेत आणि रस्साही मांसाचा नको हे वेगळे सांगावे. अंडी भाज्यांबरोबर न विचारता येऊ शकतात. कडक शाकाहारी किंवा जैन पद्धतीने खाणाऱ्यांनी उगाच भांडत बसण्यापेक्षा दशम्या, शेंगदाण्याची चटणी किंवा ठेपले बरोबर नेऊन तेथील गोल पाव, ऑलिव्ह आणि संत्र्यांवर दुपार भागवावी. पुदिन्याचा चहा गोडमिट्ट असतो, साखर कमी हवी असल्यास ओतण्यापूर्वीच सांगावे.

११. वारझाझात : स्टुडिओ की कास्बा

वारझाझात हे १९२० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंचांच्या लष्करी ठाण्याभोवती वाढलेले शहर. चित्रपटांना येथे जे हवे ते सगळे जवळजवळ आहे: वर्षातले बहुतेक दिवस स्वच्छ ऊन, एका बाजूला बर्फाचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ओसाड पठार, तसेच पिढ्यानपिढ्या माती आणि प्लॅस्टरमध्ये काम केलेले कारागीर. १९८३ साली मोहम्मद बेलघ्मी या हॉटेल व्यावसायिकाने येथे अॅटलास स्टुडिओ सुरू केला.

सामायिक सहलीत येथे जास्तीत जास्त तासभर मिळतो, आणि तेवढ्यात स्टुडिओ किंवा तावरीर्त कास्बा यांपैकी एकच धड पाहून होते. स्टुडिओत इजिप्तचे मंदिर आणि दलाई लामांवरच्या 'कुंदुन' या १९९७ च्या चित्रपटासाठी उभारलेला तिबेटी मठ आहे. समोरून ते दगडी दिसतात, मागे गेले की लाकडी परांची आणि प्लॅस्टर. चित्रीकरण चालू असेल तर काही भाग बंद ठेवतात आणि त्यासाठी तिकीट कमी होत नाही. मुले बरोबर असतील किंवा चित्रपटांचे वेड असेल तर स्टुडिओ घ्यावा.

एरवी मी कास्बा सुचवेन. तावरीर्त हा ग्लावी घराण्याचा मातीचा प्रशस्त वाडा शहरातच आहे. आत अरुंद जिन्यांनी जोडलेली दालने, रंगवलेली लाकडी छते आणि खालच्या वस्तीकडे उघडणाऱ्या लहान खिडक्या आहेत. त्याच्यासमोरच चित्रपट संग्रहालय आहे, जुने कॅमेरे आणि सेटचे तुकडे तेथे तासाभराच्या आत पाहून होतात. भूकंपानंतर कास्ब्याचे काही भाग बंद ठेवण्यात आले होते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी आत किती भाग खुला आहे हे खिडकीवर विचारावे.

आणि एक स्पष्ट मत: सहलीला उशीर झालेला असेल आणि चालक 'वारझाझात करू की आइत बेनहद्दूला अर्धा तास वाढवू' असे विचारत असेल, तर डोळे मिटून दुसरा पर्याय घ्यावा.

१२. परतीचा प्रवास

वारझाझातहून दुपारी साडेतीन-चारपर्यंत निघाले तर घाटाचा मोठा भाग उजेडात पार होतो. हिवाळ्यात लवकर अंधारते, तेव्हा गटातल्या सर्वांनी ठरलेली वेळ पाळण्याचा आग्रह धरण्यात संकोच करू नये. चालक दमलेला दिसला तर माथ्याजवळ किंवा ताद्दर्त गावात कॉफीसाठी थांबायला सांगावे. पट्टा शेवटच्या किलोमीटरपर्यंत बांधलेला असावा.

अडचण आल्यास शहरात पोलिसांसाठी १९, शहराबाहेर जांदार्मरीसाठी १७७ आणि रुग्णवाहिकेसाठी १५ हे क्रमांक मोबाइलमध्ये आधीच साठवून ठेवावेत.

दिवस कसा गेला यावरून चालकाला बक्षिसी द्यावी. ती गाडी थांबल्यावर हातात द्यावी, गटातल्या कोणाकडे गोळा करण्यासाठी देऊ नये. मराकेशमध्ये शिरताना संध्याकाळची कोंडी लागते आणि तासभर सहज वाढतो. त्यामुळे त्याच रात्रीची कॅसाब्लांकाची आगगाडी, विमान किंवा आरक्षित जेवण ठेवू नये. गाडी सकाळच्याच जागी सोडेल असेही नाही. उतरण्याची जागा घाट उतरतानाच चालकाला विचारून मुक्कामाच्या जागी फोन करावा, म्हणजे अंधाऱ्या गल्लीतून न्यायला तेथील माणूस वेशीवर येऊन थांबतो.